झडीची आतली बाजू

त्या रविवारी सकाळी आई आणि शेजारची साबेरामावशी तांदळाच्या वाफवलेल्या सांदणांवरून भांडत होत्या. साबेरामावशीचं म्हणणं, सांदण नारळाच्या दुधातलंच हवं, पांढरंशुभ्र. आईचं म्हणणं, फणसाच्या रसाशिवाय सांदण म्हणजे इडली, आणि इडलीच खायची तर एसटी स्टँडसमोर हॉटेल आहे. दोघींनी ताटल्यांची अदलाबदल केली होती. एकमेकींचं खात होत्या आणि एकमेकींना नावं ठेवत होत्या.

"हौसाबाय, फनस गोड हाय म्हनून लागतंय बरा. तुजा हात नाय त्याच्यात."

"आनि तुज्यात काय गो मोठा? नारळ तर आमच्या माडाचा!"

साबेरामावशीने उत्तरादाखल आईच्या ताटलीतलं आणखी एक सांदण उचललं.

ते १९८४ साल. मृगाच्या आधीचा रविवार, म्हणजे आमच्या मांडवीच्या घरी झडी बांधायचा दिवस. समुद्र आमच्या पडवीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. घराची पश्चिमेकडची भिंत जांभ्याची, मातीत बांधलेली आणि मातीनेच लिंपलेली. असा समोरून येणारा पाऊस ती एखादा हंगाम अंगावर घेईल, पुढच्याला उभी राहणार नाही. म्हणून आगोटीच्या कामांत, म्हणजे पावसाळ्यापूर्वी लाकडं भरणं, कौलं परतणं, सुकी मासळी डब्यांत बंद करणं या सगळ्या धांदलीत, शेवटचं आणि मोठं काम झडीचं. माडाच्या झावळ्या विणून झाप करायचे आणि पडवीच्या खांबांवर ते ओळीवर ओळ शिवत न्यायचे, जमिनीपासून वळचणीपर्यंत. मग दिवाळीपर्यंत पडवी ही एक काळोखी खोली होते. पाऊस बाहेर बडबडत राहतो आणि भिंत आत कोरडी बसून ऐकते.

"भिंतीला झंपर घालायचा," आई म्हणायची.

त्या भिंतीचं तिला फार. दर उन्हाळ्यात ती स्वतः लिंपायची. हाताची बोटं पसरून अर्धगोल फराटे काढायची, एकात एक अडकवलेले, भाताच्या लोंब्यांसारखे. कुणी सांगितलं नव्हतं, उगीच. भिंत लिंपून झाली की चार पावलं मागे जाऊन, मान वाकडी करून बघायची आणि स्वतःवर खूश व्हायची.

झाप शिवायला दोन माणसं लागतात. एक बाहेर शिडीवर, एक आत. बाहेरच्याने बांबूची हातभर लांब सुई झापातून आत सारायची, आतल्याने ती ओढून घ्यायची, बांबूच्या आडव्या कामटीला वळसा देऊन परत बाहेर पाठवायची. सुईच्या मागे सुंभ, काथ्याची दोरी. वारा असला की आवाज पोचत नाही, म्हणून सुंभाच्याच खुणा. आतून एक हिसका आला म्हणजे 'मिळाली'. दोन आले म्हणजे 'ऐकू नाय आला'. हा दुसरा हिसका आईला फार प्रिय होता. ऐकू आलेलं असतानाही ती तो द्यायची, आणि मग मला तेच वाक्य शिडीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागायचं. मी मुलींच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवते. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई रिकाम्या वर्गालासुद्धा 'शांत बसा' म्हणून जातात, ही बातमी मांडवीत त्या दिवशी अशीच पसरली.

आत बसायचा मान घरच्या बाईचा. आई आत, मी बाहेर. ओळी चढत जायच्या तशी आई दिसेनाशी व्हायची. पहिल्या ओळीला तिची पावलं गेली, मग साडीचा काठ, मग पदरात खोचलेली पानांची पिशवी. ती बाकड्यावर उभी राहिली तेव्हा पुन्हा थोडी वर आली आणि पुन्हा बुडत गेली. शेवटी पान चघळणारं तोंड गेलं, नाक गेलं. डोळे राहिले. ते हसत होते.

आत पूर्ण झाकली गेली की तिला चेव यायचा. रस्त्याने जाणाऱ्याला ती आतून हाक मारायची आणि गप्प राहायची. त्या दिवशी सापडला काशीराम पोस्टमन, सुटीच्या दिवशी पिशवी घेऊन बाजाराला निघालेला.

"काशीराम, माजा पत्र कुठाय रे?"

काशीराम थांबला. त्याने वर पाहिलं, मागे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंडात सुंभ धरून हसू दाबत होते. त्याने झडीला हात जोडले.

"हौसाकाकी, झडीला पत्र येत नाय. नाव लावा आधी दारावर."

सुंभाची गुंडी आतच असायची. सुंभ संपलं की नवा तुकडा ओवायचं काम आईचं. टोक पिंजारलेलं असे, म्हणून ती ते सरळ तोंडात घालायची, ओलं करून पीळ द्यायची आणि ओवायची. बाहेर माझ्या हाती यायचं ते पानाने लाल झालेलं, काताच्या वासाचं टोक.

"शी, आये! थुंकी लावतेस!"

"मग काय अत्तर लावू?"

शाळेत लागल्यापासून चारचौघांत माझ्या तोंडी 'आई' येऊ लागलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने मागे वळून, 'ती कोन आनि?' असं विचारलं होतं. शिडीवर मात्र 'आये'च.

शेवटच्या टाक्याला एक विधी असे. विधी कसला, घरातली थट्टा. आतलीने सुंभ धरून ठेवायचं आणि विचारायचं, "घर कुनाचा?" बाहेरचीने उत्तर दिल्याशिवाय सोडायचं नाही. आईला तिच्या सासूने पहिल्याच वर्षी विचारलं होतं. नवी सून, शिडीवर लटपटणारी, आणि तिने फटकन उत्तर दिलं, "माजा!" सासू आत इतकी हसली की बाकड्यावरून खाली बसली. म्हणाली, मग फुडल्या वरसाला तू आत ये, मी जाते भायेर. आणि तसंच झालं. आई ही गोष्ट दरवर्षी सांगायची, दरवर्षी सासूच्या हसण्यासकट.

मला ती विचारायची आणि मी काहीबाही सांगायचे. म्युनिसिपालटीचं. उंदरांचं. दादाचं. एका वर्षी समुद्राचं म्हटलं तर म्हणाली, "त्याला कशाला आटवन करतेस मेल्याला?" 'माझं' असं मी कधी म्हटलं नाही. मुलीचं घर म्हणजे जिथे ती जाणार ते, असं ऐकत मी वाढले. कुठे गेले नाही ही गोष्ट वेगळी. तरी जीभ वळत नसे.

त्या दिवशीही शेवटचा टाका आला. सुंभ ताठ झालं.

"घर कुनाचा गो?"

"तुझंच की. आणि कुणाचं?"

दोन हिसके.

"तुझं!" मी ओरडले. काशीराम बाजारातून परतत होता, त्यानेही मान डोलावली.

सुंभ सैल झालं. मी गाठ मारली आणि उतरले. संध्याकाळी आम्ही दोघी झडीआडच्या नव्या अंधारात पाय पसरून बसलो, रायवळ आंबे चोखले, कोयी मोजल्या आणि मी हरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. चूल पेटली नाही म्हणून मी बघायला गेले. चेहऱ्यावर काही नव्हतं, त्रासाची खूण नव्हती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. मी त्यांना चहा विचारला आणि मग आठवलं, चूल पेटलेली नाही.

*

दादा मुंबईला असतो, परळला. वर्षभराने मे महिन्यात तो मुलांना घेऊन आला. मुलं समुद्रावर, दादा पडवीत. भिंतीवर हात फिरवत तो बराच वेळ उभा होता. लिंपण जुनं झालं होतं, पण फराटे होते. त्याच्या हाताचा पंजा आईच्या फराट्यावर बरोबर बसला नाही, तो मोठा होता.

"राही, एक विचारू? रागावू नको."

"विचार."

"तू एकटी. दर वर्षी कौलं, झडी, हे सगळं कोण बघणार? एक पाऊस झडीशिवाय लागला की ही भिंत जाईल. भिंत गेली की घर गेलं. त्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक आहे तोवर... तुला शाळेजवळ खोली बघू. नाहीतर चल मुंबईला."

"तू म्हणशील तसं. घर तुझं."

"माझं काय, माझं म्हणे," तो चिडला. दादा चिडला की आईसारखा दिसतो. "मी वर्षातून आठ दिवस येतो गं. तुला हवंय का सांग. हवं असलं तर मी एक शब्द काढणार नाही."

मी भिंतीकडे बघत राहिले. तो वाट बघून थकला.

"बरं. मृगाआधी झडी उभी राहिली तर या वर्षी विषय काढत नाही. नाही राहिली तर मी येऊन व्यवहार करून टाकतो. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. घरासाठी माझ्या तोंडून निघालेला तेवढाच शब्द.

*

साबेरामावशी म्हणाली, मी येतंय. तिचे यजमान सुलेमानभाई कुवेतला, घरात ती एकटीच. झाप आम्ही दोघींनी तिच्या अंगणात बसून विणले. ती आईच्या आठवणी काढायची आणि रडायच्या आधीच हसायची. एकदा म्हणाली, "हौसाबाय असती तर म्हनाली असती, साबेरा, ह्यो झाप हाय का तुज्या नवऱ्याची दाढी?" झाप खरंच तसा झाला होता.

बांधायचा रविवार उजाडला. रेडिओवर मच्छीमारांना सूचना होती, समुद्रात जाऊ नये. आकाश मात्र स्वच्छ होतं आणि हवा इतकी गच्च की साडी अंगाला चिकटत होती. मी शिडी लावली.

"आत तू बस गो," साबेरामावशी म्हणाली. "घर तुजा."

"मला शिडीची सवय आहे, मावशी."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

सकाळभर आम्ही खालच्या ओळी शिवल्या. मावशीचा हात या कामाला बसलेला नव्हता. सुई भलतीकडून बाहेर यायची, एकदा माझ्या कोपरात. ती आतून ओरडायची, मी बाहेरून. हिसक्यांची भानगड नव्हती, तिचा आवाज भाट्याच्या खाडीपर्यंत पोचण्यासारखा. दुपारपर्यंत झडी डोक्याच्या वर गेली. वरच्या दोन ओळी राहिल्या. माझी शिडी तिथवर पुरेना; दरवर्षी तेवढ्यापुरती रावजी सुताराची लांब शिडी यायची.

"मी नमाज पडून, दोन घास खाऊन आलंच," मावशी म्हणाली. "तवर तू शिडी बघ. आली की सरळ आत जाऊन उभी ऱ्हातंय, तू सुई घाल."

ती गेली. पडवीत शिरायची वाट आता घरातूनच उरली होती; मी घराला सवयीने कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि रावजी सुताराकडे गेले. त्याची लांब शिडी आम्ही दोघांनी दोन टोकांना धरून आणली. समुद्राच्या बाजूने आलो, थेट झडीसमोर. त्याने शिडी टेकवली, पाय रोवून पाहिली.

"मास्तरीनबाय, वरून पडलात तर शाळेला सुट्टी मिळेल काय पोरींना?" असं विचारून तो जेवायला गेला.

पश्चिमेला क्षितिजावर ढगांची पट्टी उभी राहिली होती. जांभळट, सरळ, फुटपट्टीने आखल्यासारखी. मी घाईने वर चढले. पहिला झाप लावून धरला, सुई आत सारली.

"मावशी, आलीस?"

सुई आत ओढली गेली. एक हिसका. सुई परत आली.

मी पुढचा टाका घातला.

जेवणानंतर मावशीचा हात चांगला चालायला लागलेला दिसला. सुई आता बरोबर जागी यायची, मी घातलेल्या जागेच्या दोन बोटं खाली, प्रत्येक वेळी दोन बोटं. टाके एका ओळीत बसत होते. माझ्या हातांना वेग आला. वर्षभरात प्रथमच कामात असं झालं की काम करतेय हे विसरायला झालं. वारा सुटला होता, माडांचा आवाज येत होता, घामाने भिजलेली पाठ गार पडत होती. मला बरं वाटत होतं. इतकं बरं, की मी बोलायला लागले.

मोठ्या बाईंच्या नव्या चष्म्याचं सांगितलं. सातवीतल्या एका मुलीने पेपरात, 'पाणी शंभर अंशांना का उकळते?' या प्रश्नाला 'कारण त्याला सहन होत नाही' असं लिहिलं, ते सांगितलं.

दोन हिसके.

"का-र-ण त्या-ला स-ह-न हो-त ना-ही!" मी ओरडले आणि शिडीवर हसत सुटले. सुंभ माझ्या हातात बारीक थरथरत होतं, पलीकडेही कुणी हसत असल्यासारखं.

दोन हिसक्यांची खूण आईने मावशीलाही शिकवली असणार, असं मला वाटलं. कधी शिकवली असेल याचा विचार केला नाही. सकाळभर हाका मारणारी बाई आता शब्द का बोलत नाही, याचाही नाही. वारा आहे, असं मी मनात म्हटलं. वारा होताही.

शेवटची ओळ संपत आली तेव्हा सुंभ संपलं. मी रिकामी सुई आत दिली. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. मग नवा तुकडा ओवलेली सुई बाहेर आली.

टोक ओलं होतं.

मी ते चिमटीत धरलं. बोटांना तांबडा रंग लागला. जांभ्याची धूळ, मी म्हटलं. आत बाकड्यावर धूळ आहे, पुसायला हवी. मग बोटं नाकाशी नेली.

कात. चुना. पान.

साबेरामावशीला पानाचा वास चालत नाही. आई पान लावायला बसली की ती पदर नाकाला लावून दुसऱ्या खांबाशी जाऊन बसायची.

मी सुई पुढच्या टाक्यात घातली. हातांनी घातली, मी नाही. ती आत गेली.

"राही! कुनाशी बोलतंस गो एवढा?"

आवाज खालून आला. गल्लीतून. साबेरामावशी शिडीच्या पायथ्याशी उभी होती, हातात फडक्याने झाकलेली ताटली. धापा टाकत होती.

"उशीर झाला गो, सांदना उकडीत होती. हौसाबायशी पैज होती माजी, या वरसाला..." तिने झडीकडे पाहिलं. वरची ओळ पाहिली. "ह्या कुनी शिवला?"

मी वरच्या टाक्यांकडे पाहिलं.

"आत कोन हाय?"

"तू बघ," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखा निघाला, वर्गात निघतो तसा.

ती घराला वळसा घालून गेली. मी दाराची कडी वाजल्याचा आवाज ऐकला. ती परत आली तेव्हा हळू चालत होती.

"कुलूप हाय."

किल्ली माझ्या कनवटीला होती. तिचा दात कमरेला रुतत होता, दुपारपासून रुतत असणार.

आम्ही दोघी झडीकडे बघत राहिलो.

झाप किंचित हलला. सुईचं टोक बाहेर आलं, टाक्याच्या दोन बोटं खाली, आणि थांबलं. मी घ्यायची वाट बघत.

मावशी काहीतरी पुटपुटली, देवाचं नाव असेल. मग तिने फार विलक्षण गोष्ट केली. ताटलीवरचं फडकं काढलं आणि ताटली झडीसमोर उंच धरली, शेजारणीला दाखवतात तशी.

"हौसाबाय," ती म्हणाली. "सांदना आनलीत. नारळाची."

सुंभ माझ्या हातात होतं. त्याला दोन हिसके बसले.

"काय म्हनतंय?" मावशीने विचारलं.

"ऐकू नाही आलं म्हणतेय."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी ती हसायला लागली. असं एकाच वेळी करणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. "नारळाची!" ती ओरडली. "तुज्याच माडाचा नारळ! आता बोल काय बोलतंस!"

एक हिसका.

मीही हसत होते. मला भीती वाटत होती, आणि तिच्याभोवती सगळीकडे हसू होतं. ढगांची पट्टी अर्ध्या आकाशावर आली होती. समुद्र शिशासारखा झाला होता. शेवटचा झाप राहिला होता.

तो उचलण्याआधी वळचणीखाली वीतभर फट होती. मी शिडीवर होते. मान पुढे केली असती तर आत दिसलं असतं. बाकडं, भिंत, फराटे, आणि जे काय असेल ते.

मी झाप उचलला आणि फटीवर धरला.

गेल्या वर्षी याच जागी डोळे होते.

सुई आत दिली. आली. दिली. आली. टाके सरळ.

मग शेवटचा टाका. सुई आत गेली आणि परत आली नाही. सुंभ ताठ झालं.

मी ओढून पाहिलं. पलीकडे धरलेलं होतं. खिळ्याला अडकलेलं सुंभ मला माहीत आहे, ते ओढलं की तसंच ओढून धरतं. हे तसं नव्हतं. मी ओढलं की ते थोडं येत होतं आणि मी सैल सोडलं की थोडं मागे जात होतं. हाताने धरल्यासारखं.

प्रश्न आला नाही. यायची गरज नव्हती.

"काय झाला गो?" मावशी खालून म्हणाली. "सोडीत नाय?"

"विचारतेय."

मावशीला ती थट्टा माहीत होती. मांडवीत सगळ्यांना माहीत होती. तिने ताटली खाली ठेवली आणि शिडी दोन्ही हातांनी धरली.

दादाचं, असं म्हणता आलं असतं. तुझं, असं तर अगदी सहज. सुंभ सुटलं असतं, मी गाठ मारली असती, झडी उभी राहिली असती. भिंत यंदा वाचली असती, आणि पुढच्या मेमध्ये दादाने तिच्यावर हात ठेवून पुन्हा तेच विचारलं असतं आणि मी पुन्हा भिंतीकडे बघत राहिले असते.

मला आईची गोष्ट आठवली. लटपटणारी नवी सून, हसून खाली बसलेली सासू. मग फुडल्या वरसाला तू आत ये, मी जाते भायेर.

पुढच्या वर्षी आत कोण उभं राहील ते मला कळलं. शिडीवर कोण असेल तेही.

वारा अचानक पडला. माड थांबले. झाप माझ्या गालापासून चार बोटांवर होता, आणि त्याच्या पलीकडून, तितक्याच जवळून, ताज्या पानाचा वास येत होता.

"माझं," मी म्हटलं.

जेमतेम ओठ हलले. खाली मावशीलाही ऐकू गेलं नसावं.

सुंभ तसंच ताठ राहिलं.

मग दोन हिसके.

मी सुंभ मनगटाला गुंडाळलं, मान मागे टाकली आणि सगळ्या मांडवीला ऐकू जाईल अशी ओरडले, "माझं! आये, घर माझं आहे!"